किल्ली कुंडीखाली

आमच्या आजीचा कुलपावर फार भरवसा. गावाला निघताना कुलूप तीनदा ओढून बघायची आणि किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवायची! आम्ही पोरं हसायचो.

परवा लॅपटॉप दुरुस्तीला दिला आणि घरी पोचेपर्यंत ते हसू आटलं. मी प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची खतावणी 'गिट' ठेवतं. 2005 पासून, अगदी नेकीनं. पण पासवर्ड? 'कॅश' सांगितलं, तर पंधरा मिनिटांत विसरतं. 'स्टोअर' सांगितलं, तर एका साध्या फायलीत उघडउघड लिहून ठेवतं. आळशी माणूस काय निवडणार? मी तेच निवडलं होतं!

शोधण्याची तऱ्हाही न्यारी. पत्त्यात खातेदाराचं नाव घातलं नसेल, तर नुसता सर्व्हर बघायचा. तिथं माझी घरची नि ऑफिसची अशी दोन खाती. हे सापडेल ते पुढं करतं. चाळ ठाऊक, खोली नंबर नाही, असा हा पोस्टमन!

"अहो, पुस्तिकेत इशारा दिलाय की!" जाणकार म्हणतात. दिलाय ना. पण विंडोजमध्ये, मॅकमध्ये कुलूपबंद तिजोरी तयार असताना ही कुंडी मुळात ठेवलीच कशाला?

रात्रभर जागून सगळे पासवर्ड बदलले. आजीच बरी म्हणायची. तिनं कुंडीची जागा निदान जगजाहीर पुस्तिकेत तरी दिली नव्हती!