हार्डडिस्क आपली, परवाना कुणाचा?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचे नियमित तांत्रिक साह्य थांबवले. सामान्य ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षेची योजना कंपनीने जाहीर केली, पण तिला १३ ऑक्टोबर २०२६ ची मुदत घातली. ‘विंडोज ११’ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे असंख्य संगणक एका अटीने कालबाह्य ठरले. अशा वेळी घरोघरी आणि छोट्या कार्यालयांत एक साधा विचार पुढे येतो. संगणक दुसरा घ्यावा, पण जुन्यातील हार्डडिस्क जशीच्या तशी त्यात बसवावी. हिशेबाचे सॉफ्टवेअर, मराठी टंक, वर्षानुवर्षांच्या फायली, सारे जागच्या जागी राहील आणि ‘विंडोज ११’ मागाहून चढवता येईल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील कोणताही कारागीर हे काम अर्ध्या तासात करून देईल, अशी ग्राहकाची समजूत असते.

ती अर्धी बरोबर आहे. डिस्क बसवणे म्हणजे चार स्क्रू आणि दोन केबल. अडचण पूर्वी वेगळी होती. २००१ मध्ये आलेली ‘विंडोज एक्सपी’ स्थापित होताना त्या संगणकाच्या मदरबोर्डला लागणारे ड्रायव्हर निवडून घेई. डिस्क वेगळ्या मदरबोर्डवर गेली की तिथला डिस्क-नियंत्रक तिला ओळखता येत नसे आणि पडद्यावर निळ्या रंगात त्रुटीचा संदेश झळके. पुढच्या आवृत्त्यांनी हे दुखणे बरेच कमी केले. ‘विंडोज १०’ ची डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली, तर बहुतेक वेळा ती एक-दोनदा स्वतःहून रीस्टार्ट होते, नवे ड्रायव्हर बसवते आणि सुरू होते. जुन्या बायोस पद्धतीची डिस्क नव्या यूईएफआय यंत्रात अडते. पण डिस्कची मांडणी बदलण्याचे साधन विंडोजमध्येच २०१७ पासून उपलब्ध आहे.

लिनक्समध्ये तर हा प्रश्न फारसा उद्भवतच नाही. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येत असल्याने एका यंत्रातील डिस्क दुसऱ्यात सहसा विनातक्रार चालते. मायक्रोसॉफ्टलाही हे अशक्य नव्हते. २०१२ मध्ये ‘विंडोज ८’ बरोबर कंपनीने ‘विंडोज टू गो’ आणले. यूएसबीवरील संपूर्ण विंडोज कोणत्याही संगणकाला लावून चालवण्याची ती अधिकृत सोय होती. मात्र ती मोठ्या संस्थांच्या आवृत्तीपुरतीच ठेवली गेली आणि २०२० मध्ये काढून टाकण्यात आली.

खरी मेख परवान्यात आहे. सॉफ्टवेअर ‘सक्रिय’ करण्याची सक्ती ‘एक्सपी’ पासून विंडोजमध्ये रुळली. संगणकाच्या भागांवरून, विशेषतः मदरबोर्डवरून, यंत्राची ओळख तयार होते आणि परवाना तिला जोडला जातो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला ‘रिटेल’ परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. तयार लॅपटॉप वा डेस्कटॉपसोबत येणारा ‘ओईएम’ परवाना मात्र त्या यंत्राबरोबरच संपतो. मदरबोर्ड बिघडून बदलावा लागला तर कंपनी सवलत देते, पण यंत्रच बदलले तर नाही. तयार संगणक घेणाऱ्याच्या पदरी सहसा हा दुसरा परवानाच येतो आणि बिलावर त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

दुसरी मेख कूटबद्धतेची. २०२४ च्या ‘२४एच२’ आवृत्तीपासून ‘विंडोज ११’ नव्याने स्थापित करून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की बहुतेक यंत्रांवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते. तिची किल्ली मदरबोर्डवरील टीपीएमजवळ राहते. डिस्क दुसऱ्या संगणकात लावली की ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. ती सहसा त्या ऑनलाइन खात्यात साठवलेली असते. खातेच आठवत नसेल, तर आयुष्यभराची छायाचित्रे हातात असूनही दिसणार नाहीत.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. ओईएम परवाना स्वस्त असतो, कारण तो एका यंत्रापुरता असतो. कूटबद्धतेमुळे चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधील माहिती चोराच्या हाती पडत नाही. दोन्ही युक्तिवाद खोटे नाहीत. पण सुरक्षेचा युक्तिवाद परवान्याला लागू पडत नाही आणि स्वस्ताईचा युक्तिवाद तेव्हाच पटतो, जेव्हा खरेदीच्या वेळी ग्राहकाला दोन्ही पर्याय समोर दिसतात.

युरोपात हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २००० मध्येच एका महत्त्वाच्या निकालात म्हटले, की संगणकासोबत विकायची ओईएम प्रत एकदा बाजारात आली, की ती संगणकाशिवाय विकण्यास मायक्रोसॉफ्ट मज्जाव करू शकत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ‘यूज्डसॉफ्ट’ विरुद्ध ‘ओरॅकल’ खटल्यात डाउनलोड केलेल्या कायमस्वरूपी परवान्याच्या फेरविक्रीलाही मान्यता दिली. एकदा पूर्ण किंमत घेऊन विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याचा हक्क किती काळ चालावा, या प्रश्नाला तिथे कायद्याने उत्तर दिले.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ वैध धारकाला सॉफ्टवेअरची राखीव प्रत काढू देते. एका यंत्राशी बांधलेला परवाना दुसऱ्या यंत्रावर नेण्याविषयी मात्र त्यात स्वतंत्र तरतूद नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे पोर्टल सुरू केले; त्यात मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणेही आहेत. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पण सुटे भाग मिळाले आणि परवानाच अडला, तर दुरुस्त झालेले यंत्रही अखेर कचऱ्यातच जाणार. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा स्क्रू आणि बॅटरीपाशी थांबून चालणार नाही. परवाना कोणत्या प्रकारचा आहे आणि तो हलवता येतो की नाही, हे बिलावर ठळकपणे छापण्याची सक्ती ही पहिली पायरी ठरेल.

तोवर ग्राहकाने स्वतःची काळजी घ्यावी. डिस्क काढण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी, रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी किंवा कूटबद्धता आधी बंद करावी आणि आपला परवाना कोणता आहे ते तपासावे. जुने यंत्र फेकण्याऐवजी त्यावर लिनक्स चालवण्याचा पर्यायही आहे. केरळमधील शाळा अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आल्या आहेत. स्क्रू काढण्याआधीची ही तासाभराची तयारी पुढचा मोठा मनस्ताप वाचवू शकते.