तारनाक्याचा प्रेक्षक

हैदराबाद फुटबॉल क्लब या नावाने इंडियन सुपर लीगचे सहा हंगाम खेळलेला संघ ऑक्टोबर २०२५ मध्ये आपले बिऱ्हाड दिल्लीस घेऊन गेला आणि ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाला. मालकाने गाव बदलले, नाव बदलले, झेंडाही बदलला. ज्यांना गाव बदलता येत नाही असे हजारो लोक तेवढे मागे राहिले. या लोकांकडे कोणी परवानगी मागितली नाही, आणि ती मागावी लागते असे कोणत्याही नियमात लिहिलेलेही नाही. हैदराबादच्या या दुःखाचे गोव्याला काय सोयरसुतक, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, त्या गावाला जो एकमेव सुपर लीग चषक मिळाला तो आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या मैदानावर आणि आपल्या दोन मुलांच्या पराक्रमाने मिळाला होता.

वाचकांना २० मार्च २०२२ ची रात्र आठवत असेल. फातोर्ड्याच्या नेहरू क्रीडांगणावर केरळ ब्लास्टर्सने पहिला गोल केला आणि सामना हैदराबादच्या हातून गेला असे वाटू लागले. ८८ व्या मिनिटाला साहिल तावोरा या गोमंतकीय खेळाडूने दुरून सणसणीत फटका मारून बरोबरी साधली. पुढे पेनल्टी फटक्यांची वेळ आली तेव्हा गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडविले आणि ३-१ असा निकाल लागला. याच मैदानावर, डिसेंबर २०१५ च्या अंतिम सामन्यात, याच कट्टीमनीच्या हातून अखेरच्या क्षणी चेंडू एफसी गोवाच्या स्वतःच्या जाळ्यात गेला होता आणि चेन्नईयिनने ३-२ असा चषक उचलून नेला होता. त्या वेळी त्याला नावे ठेवणाऱ्यांत आपल्यापैकी बरेच जण असतील. सहा वर्षांनी त्याने त्याच गवतावर ती बाकी चुकती केली. खेळात असे घडते म्हणून तर माणसे खेळ पाहतात.

पण हैदराबादच्या प्रेक्षकाला हा विजय आपल्या गावी पाहण्याचे भाग्य लाभले नाही. महासाथीमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम पूर्णपणे गोव्यात खेळले गेले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान येथे, शेवटचा सामना वगळता जवळजवळ रिकाम्या गॅलऱ्यांसमोर. म्हणजे संघ जन्मल्यावर एक हंगाम गच्चीबावलीला खेळला, वाईट खेळला, आणि चांगला खेळू लागला तेव्हा सातशे किलोमीटर दूर होता.

हैदराबादचा तारनाका ज्यांनी पाहिला असेल त्यांना आमचे म्हणणे अधिक चटकन कळेल. तार आणि नाका हे दोन्ही शब्द मराठी माणसाला परके नाहीत. पूर्वी येथे तारेचे कुंपण आणि नाक्याची चौकी होती, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आज त्या चौकात डोक्यावरून मेट्रो धावते. पूर्वेकडे निघाले की हब्सीगुडा, मग भूभौतिकी संस्थेचे स्थानक, आणि तिसरे स्थानक चक्क ‘स्टेडियम’ या नावाचे. तेथे उप्पलचे क्रिकेटचे भव्य मैदान आहे. पश्चिमेकडे निघाले तर रायदुर्गला मार्ग संपतो आणि त्याच्याही पुढे गच्चीबावलीचे मैदान आहे, जेथून फुटबॉल निघून गेला. मागच्या अंगाला उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर. मराठवाड्याच्या माणसाला उस्मानिया म्हटले की १९३८ चा वंदे मातरम् चा लढा आणि वसतिगृहांतून घालवून दिलेले विद्यार्थी आठवतात. फुटबॉलच्या माणसाला याच विद्यापीठाचा एक जुना विद्यार्थी आठवावा.

त्याचे नाव सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर. १९४३ पासून त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती घेतला आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. कूपरेजच्या त्या काळातील मराठी प्रेक्षकांच्या तोंडी या पोलिसांची नावे घरच्यासारखी असत. रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोमंतकीय होता, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. जून १९६३ मध्ये कर्करोगाने रहीमसाहेब गेले. देशाला त्यांची ठळक आठवण झाली ती २०२४ मध्ये, त्यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट निघाला तेव्हा.

पोलिसांच्या त्या संघाविषयी गळा काढण्याचा आमचा हेतू नाही. त्या व्यवस्थेतही दोष होते. संघ खात्याच्या मर्जीवर चाले, अधिकाऱ्याची आस्था आटली की संघही आटे, आणि हैदराबादचा फुटबॉल नेमका तसाच आटत गेला. पण एक गोष्ट त्या काळी अशक्य होती. हैदराबाद शहराचे पोलीस एका सकाळी उठून दिल्ली शहराचे पोलीस होऊ शकत नव्हते. खेळाडूला महिन्याच्या महिन्याला पगार मिळे आणि खेळ संपल्यावर नोकरी शिल्लक राहत असे.

आता आजच्या धंदेवाईक फुटबॉलची वंशावळ पाहा. २०१९ मध्ये पुण्याचा एफसी पुणे सिटी हा संघ बंद पडला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबादला मिळाली. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज हा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. सहा वर्षांनी हैदराबादची, म्हणजे मूळची पुण्याची, जागा दिल्लीला गेली. पुण्याचे हैदराबादने घेतले, दिल्लीचे भुवनेश्वरने घेतले, आणि हैदराबादचे दिल्लीने घेतले. भातुकलीच्या खेळात मुले बाहुल्यांची घरे बदलतात, पण ती निदान बाहुलीला दुसऱ्या घरी नेताना तिची समजूत घालतात. बालेवाडीच्या प्रेक्षकाने २०१९ मध्ये जे सोसले तेच तारनाक्याच्या प्रेक्षकाने सोसले. फरक इतकाच की, पुण्याचा प्रेक्षक रडत होता तेव्हा हैदराबादचा हसत होता.

मधल्या काळात काय झाले तेही नोंदवले पाहिजे. चषक जिंकल्यानंतरच्या हंगामात हैदराबादने लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळविला. त्यानंतरच्या २०२३-२४ च्या हंगामात खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले, नामांकित खेळाडू एकामागून एक निघून गेले, नवे खेळाडू घेण्यास फिफाने बंदी घातली, आणि दोन वर्षांपूर्वीचा विजेता संघ तक्त्याच्या तळाशी गेला. उरलेली कोवळी पोरे बहुतेक सामन्यांत मार खात होती. २०२४ मध्ये नवे मालक आले आणि पुढच्याच वर्षी दिल्लीचा रस्ता धरला गेला.

मालकांची बाजू आम्हांस ठाऊक आहे. संघ चालविण्यास कोट्यवधी रुपये लागतात, तिकिटांतून त्याचा अंशही सुटत नाही, गच्चीबावलीच्या गॅलऱ्या भरत नाहीत. तोट्यातले दुकान कोणी किती दिवस चालवावे? प्रश्न रास्त आहे. पण ज्या प्रेक्षकाला पहिल्या तीन हंगामांपैकी दोन दूरचित्रवाणीवर पाहावे लागले, आणि पाचव्यात पगार न मिळालेला संघ पाहावा लागला, त्याने गॅलरी भरली नाही असा ठपका ठेवणे म्हणजे आंबा लावून तिसऱ्या वर्षी फळ आले नाही म्हणून झाड तोडण्यासारखे आहे. आपल्याकडचा कोणताही बागाईतदार हे सांगेल. शिवाय गॅलरीत जे थोडके येत होते, ज्यांनी ‘डेक्कन लीजन’ या नावाने आपली मंडळी जमविली होती, त्यांच्या निष्ठेचे मोल या हिशेबात कोठेच धरलेले नाही.

इंग्लंडात २००३ मध्ये विम्बल्डनचा संघ असाच मिल्टन कीन्स या दूरच्या नव्या नगरात हलविला गेला. तेथील चाहत्यांनी आदल्याच वर्षी, निर्णय होताच, स्वतःचा नवा क्लब काढला, अगदी खालच्या श्रेणीपासून खेळायला सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचविला. जर्मनीत तर काही जुने अपवाद सोडले तर क्लबच्या निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांच्या हाती असावेत असा नियमच आहे. हैदराबादच्या चाहत्यांनीही नवा क्लब काढावा असे म्हणणे सोपे आहे. तळातून वर चढायला शिडी मात्र हवी. आपल्या सुपर लीगने आरंभीची अनेक वर्षे अशी शिडी लावलीच नव्हती. आय-लीगचा विजेता वर घेण्याची प्रथा २०२३ मध्ये सुरू झाली, आणि खाली उतरविण्याची पद्धत बसविताना सर्वांचे हात थरथरत राहिले.

क्रिकेटचा प्रेक्षक अधिक सुखी असेल असे वाटेल. तारनाक्याहून तीन स्थानकांवर असलेल्या उप्पलची कथा ऐकावी. सप्टेंबर २०२२ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याच्या तिकिटांसाठी सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर पहाटेपासून रांगा लागल्या, चेंगराचेंगरी झाली, पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि अनेक जण जखमी झाले. एप्रिल २०२४ मध्ये थकबाकीपायी आयपीएल सामन्याच्या आदल्या दिवशी उप्पल मैदानाची वीज तोडण्यापर्यंत पाळी आली. मार्च २०२५ मध्ये सनरायझर्स हैदराबाद या संघाने जाहीर तक्रार केली की, फुकट पासांसाठी राज्य संघटनेचे पदाधिकारी आपल्यावर दबाव आणतात; संघटनेने आरोप नाकारला; संघाने गाव सोडण्याची भाषा केली. शेवटी मैदानाच्या क्षमतेच्या दहा टक्के पास संघटनेला, या जुन्याच बोलीवर समेट झाला. जुलै २०२५ मध्ये संघटनेच्या अध्यक्षांना गुन्हे अन्वेषण विभागाने अटक केली. न्यायालय काय ते ठरवील. आमचे लक्ष त्या समेटाकडे आहे. दहा टक्के जागांसाठी दोन बलाढ्य संस्था एकमेकींच्या गळ्याला लागल्या, पण पहाटे रांगेत उभा राहणाऱ्यासाठी किती जागा खुल्या विक्रीस असाव्यात याविषयी त्या भांडणात एकही शब्द निघाला नाही. पुढे ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवासाठी आलेले अकरा जण चेंगरून मेले. खेळाचा प्रेक्षक ही कोणाची जबाबदारी आहे, हे त्या दिवसापर्यंत कोणी ठरविलेले नव्हते.

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, क्रीडा न्यायाधिकरण, कार्यकारिणीत खेळाडूंना आणि महिलांना स्थान अशा अनेक चांगल्या तरतुदी त्यात आहेत, आणि आम्ही त्यांचे स्वागत करतो. पण ज्याच्या पैशावर आणि टाळ्यांवर हा सारा डोलारा उभा आहे त्या प्रेक्षकासाठी त्यात खुर्ची नाही, फळीसुद्धा नाही. त्याच वर्षी फुटबॉल महासंघ आणि लीगची चालक कंपनी यांचा पंधरा वर्षांचा करार संपत आला, जुलैमध्ये लीग लांबणीवर पडली, नव्या निविदेस नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही, आणि शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ पासून प्रत्येक संघाशी एकदाच सामना, अशी ९१ सामन्यांची आखूड स्पर्धा ठरली. या साऱ्या महिन्यांत मालक बोलले, महासंघ बोलला, न्यायालय बोलले, खेळाडूही बोलले.

गोव्याने हुरळून जाऊ नये. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांनी देशाची विजेतेपदे आपल्या घरी आणली तो काळ फार जुना नाही. एकट्या धेंपोने ती पाच वेळा आणली. तरीही २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी, पाठोपाठ धेंपोनेही, आय-लीग सोडली तेव्हा मडगावच्या प्रेक्षकाला कोणी विचारले नव्हते. आज एफसी गोवा सुपर चषक जिंकतो, ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदी अरबस्तानचा अल-नस्र फातोर्ड्याला येऊन खेळून जातो, याचा आम्हांस अभिमान आहे. पण या क्लबच्या नावातील ‘गोवा’ हा शब्द कायम राहील याची हमी कोणत्या कागदावर आहे? आम्ही मालकांच्या हेतूविषयी तिळमात्र शंका घेत नाही. हैदराबादच्या पहिल्या मालकांचाही हेतू वाईट होता असे कोणी म्हटलेले नाही.

अशा हमीची जागा मात्र आम्हांस दिसते. फातोर्ड्याचे मैदान गोवा क्रीडा प्राधिकरणाचे, म्हणजे गोमंतकीय जनतेचे आहे. गच्चीबावलीचे मैदानही सरकारीच होते. तेलंगण सरकारच्या हाती मैदानाची किल्ली होती, ती कधी वापरली गेली नाही. मैदान भाड्याने देताना सरकारने करारात तीन कलमे घालावीत. हंगामाच्या आरंभी खेळाडू आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनाइतकी रक्कम बँकेत अनामत ठेवावी. एकूण जागांपैकी किती जागा खुल्या विक्रीस ठेवल्या आणि किती पास वाटले याचा हिशेब प्रत्येक सामन्यानंतर आठवड्याच्या आत जाहीर करावा. आणि क्लबचे नाव वा गाव बदलायचे झाल्यास निदान एक हंगाम आधी सूचना देऊन हंगामी तिकीटधारकांची सभा घ्यावी. या कलमांसाठी दिल्लीकडे जावे लागत नाही, नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पुढील करारावर सही होण्यापूर्वी क्रीडामंत्र्यांनी त्याचा मसुदा विधानसभेच्या पटलावर ठेवावा, अशी आमची मागणी आहे.