घोडीचा दाखला

जून महिन्यात शाळा उघडली की आमच्या टेबलापुढे एक प्रसंग दरवर्षी घडतो. एखादा बाप मुलाचा हात धरून उभा असतो. मूल चुणचुणीत असते, पण आधीच्या शाळेचा दाखला नसतो. “सर, पोरगा तर समोर उभा आहे, कागदाचे काय एवढे?” असे तो काकुळतीने विचारतो. पूर्वी अशांना परत पाठविण्याची रीत होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ती मोडली आणि ते योग्यच झाले. मुलाला आधी वर्गात बसवावे, कागद मागाहून मिळवावा. मात्र हाच न्याय आम्ही एकदा घोडीला लावला आणि त्याची किंमत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोजली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, म्हणून आजचे हे चार शब्द.

हा विद्यार्थी काचीगुड्याकडे राहतो. लग्नाच्या वरातींना घोडे पुरविण्याचा त्यांचा तीन पिढ्यांचा व्यवसाय. त्याचे आजोबा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून जनावर आणीत. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. त्या सौद्यात कागद नसे खरा, पण विकणाऱ्याचे गाव, त्याचे घराणे, घोड्याची आई कोणाच्या दावणीची, हे सारे ठाऊक असे. आणि फसविणारा पुढल्या मार्गशीर्षात त्याच मैदानावर पुन्हा भेटे. नातवाने घोडी घेतली ती शहराबाहेर, रस्त्याच्या कडेला, एका अनोळखी माणसाकडून. “रेसची घोडी, वय पाच, कागद मुंबईस राहिले, आठ दिवसांत पाठवतो,” असे त्याचे म्हणणे. वडीलधारे माणूस म्हणून विद्यार्थ्याने आम्हांस बरोबर नेले होते. आम्ही कागदांविषयी एकदा छेडले. तो हसून म्हणाला, “साब, कागज दौडता क्या? घोडी देखो!” दखनी बोलीचा तो झटका आम्हांस इतका भावला की पुढचे विचारायचे राहूनच गेले. घोडी होतीही देखणी. कुमेत रंग, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. शिवाय गळ्याशी देवमणाचा भोवरा. विद्यार्थ्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान डोलावली. गंगेत घोडे न्हाले, असे समजून सर्वजण घरी परतलो.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. त्या गृहस्थाचा फोन बंद. पुढे घोडी डाव्या पायाने लंगडू लागली, तेव्हा पशुवैद्यास बोलाविले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच! त्यांनी प्रथम घोडीचे तोंड उघडले. घोड्याचे दुधाचे दात पडून पाचव्या वर्षाच्या सुमारास तोंड भरते. मग खालच्या समोरच्या दातांवरील काळसर खळगे सहाव्यापासून आठव्या वर्षापर्यंत क्रमाने झिजतात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर एक उभी खाच उमटते आणि पंधराव्याच्या सुमारास ती दाताच्या मध्यावर येते. आमच्या ‘पाच वर्षांच्या’ घोडीची खाच मध्यावर आली होती. पायाचे दुखणेही जुनेच निघाले. मानेवरून मायक्रोचिप वाचण्याचे यंत्र फिरविले. ते गप्प राहिले. रेसच्या घोड्याची नोंद पुण्याच्या भारतीय स्टड बुकाच्या दप्तरी असते. पण चिप नाही, कागद नाही, तेव्हा तेथे विचारायचे तरी कोणाविषयी? शेवटी रक्त तपासणीला पाठविले आणि अहवाल येईपर्यंत घोडी निराळी बांधली. लग्नसराईचे ऐन दिवस बुडाले. अहवालात रोग निघाला नाही, एवढेच सुदैव.

ही तपासणी ग्लँडर्सची होती. हा रोग घोड्यापासून माणसास होऊ शकतो. २००९ च्या प्राणिरोगविषयक कायद्याप्रमाणे तो सरकारास कळविणे बंधनकारक आहे आणि रोग निश्चित झाला तर जनावर मारावेच लागते. ज्या घोड्याचा मागचा मुक्काम माहीत नाही, त्याच्याबरोबर दावणीला काय येते ते कोण सांगणार? १९७८ च्या जनावरवाहतूक नियमांनुसार घोडा दूर न्यायचा तर पशुवैद्याचा दाखला लागतो, तो याचसाठी. २०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या हैदराबादेहून जबलपूरकडे ५७ घोडे नेले गेले. त्यांतील काही थोड्याच दिवसांत दगावले आणि प्रकरण तेथील उच्च न्यायालयापर्यंत गेले, हे पुष्कळांस स्मरत असेल.

दुसरा धोका मालकीचा. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे की, विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्यास मिळतो. जनावर चोरीचे निघाले, तर आपण रोख पैसे मोजले आणि मन स्वच्छ होते, एवढ्याने ते आपले होत नाही. खरा मालक उभा राहिला की घोडा जातो, आणि पैसे परत मागायचे ते ज्याचा पत्ता नाही त्याच्याकडे. बहुतेक प्रकरणांत घोडे पेंड खाते ते येथेच.

नोंदीची ही गरज आजची नव्हे. भाडोत्री तट्टे हजेरीला उभी करून घोडेस्वारांचा पगार उचलणाऱ्या सरदारांस आळा बसावा, म्हणून अलाउद्दीन खिलजीने घोड्यांस डाग देण्याची पद्धत घातली आणि अकबराने १५७३-७४ च्या सुमारास ती पुन्हा सुरू केली. इंग्लंडात घोड्यांची वंशावळ १७९१ पासून छापली जाऊ लागली. तरीही १८४४ च्या डर्बी शर्यतीत तीन वर्षांच्या घोड्याच्या नावाने चार वर्षांचा घोडा धावला आणि पहिला आला. प्रकरण न्यायालयात गेले. घोडा समोर आणा, दात पाहू, असे न्यायाधीशांनी फर्माविले. तो काही आणता आला नाही, आणि बक्षीस दुसऱ्यास गेले. म्हणजे कागदही खोटे बोलतो, हे ध्यानात ठेवावे. आम्ही तरी वेगळे काय सांगणार? जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांना सरसकट १ जून ही तारीख बहाल करणाऱ्या मास्तरांची आमची परंपरा! म्हणून कागद हाती आला तरी त्यातील रंग, खुणा आणि चिपचा क्रमांक समोरच्या जनावराशी ताडून पाहावा.

कोणी म्हणेल, आमच्याकडच्या देशी घोड्यांना वंशावळीचे कागद असतात कोठे? खरे आहे. मराठ्यांच्या दौडींत नाव गाजविलेल्या भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली तीच मुळी २०२३-२४ मध्ये. कागद नसणे हा घोड्याचा दोष नव्हे. परंतु असेल त्याने दाखवावा आणि नसेल त्याने तसे सांगावे. ‘मागाहून पाठवतो’ हे तिसरे उत्तर ऐकू येताच उठावे. वंशावळ नसली तरी बाजाराची पावती, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि पशुवैद्याची तपासणी, एवढे तरी पैसे देण्यापूर्वी हाती असावे. मुलाला दाखल्यावाचून घेतले तर फार तर आमचा एक रकाना रिकामा राहतो. घोड्याच्या बाबतीत तो रकाना घेणाऱ्याच्या संसारातून भरला जातो.

पुढे घोडीला एक गिऱ्हाईक आले. किंमतही जवळजवळ दिली तेवढीच येत होती. योगायोगाने आम्ही तेथेच होतो. त्याने वय विचारले. आमचा विद्यार्थी क्षणभर थांबला. कर्जाचा हप्ता डोक्यावर होता, हे आम्हांस माहीत होते. मग तो म्हणाला, “पंधरा. आणि डावा पाय जुना दुखावलेला आहे.” गिऱ्हाईक निघून गेले. आम्ही त्याला पाच वर्षे मराठी शिकविली. हे त्याला कोणी शिकविले, ते आम्हांस सांगता येणार नाही.

घोडी अजून त्याच्या दावणीला आहे. वरातीला जात नाही. गल्लीतली मुले तिला गाजरे चारतात. पशुवैद्यांनी तिचे ओळखपत्रक तयार करून दिले. त्यात रंग, पांढरे पाय, कपाळावरचा पट्टा आणि अंगावरचे भोवरे यांच्या नोंदी आहेत. भाग्य पाहण्यासाठी ज्या भोवऱ्याकडे आम्ही त्या दिवशी भुललो, तोच देवमण आता तिची ओळख म्हणून लिहिला गेला. वयाच्या रकान्यात ‘अंदाजे १५ वर्षे’ असे आहे. साक्षीदार म्हणून खाली आमची सही आहे. ती मात्र आम्ही सारा कागद दोनदा वाचून केली.