धरणाच्या दारांची नोंद होते, माणसाच्या खुब्याची का नाही?

गोसीखुर्द धरणाला ३३ दारे आहेत. पावसाळ्यात त्यांतली किती उघडली, वैनगंगेत किती पाणी सोडले, याची नोंद होते आणि ती जाहीरही केली जाते. ते योग्यच आहे. खालच्या गावांचे जीव त्यावर अवलंबून आहेत. पण याच पवनी तालुक्यातील एखाद्या मजुराच्या खुब्यात कृत्रिम सांधा बसविला, तर तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या बॅचचा, पाच वर्षांनी टिकला की सैल झाला, याची राष्ट्रीय नोंद ठेवण्याचे बंधन या देशात कोणावरही नाही.

सांधेबदल हा पैसेवाल्या म्हाताऱ्यांचा विषय, असे कोणी म्हणेल. पूर्व विदर्भातील आमच्या वस्त्यांना ते पटणार नाही. अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजात येथे सिकलसेल घरोघरी माहीत आहे. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते हाड मरून खचते. मग पंचविशी-तिशीतला पोरगा कुबडीवर येतो. सत्तरीतल्या माणसाला सांधा पंधरा-वीस वर्षे पुरला तरी चालते. या पोराला तो जन्मभर पुरायला हवा. कोणता सांधा सिकलसेलच्या रुग्णात टिकतो, हे त्याला कोण सांगणार?

स्वीडनने खुब्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही १९७९ सालीच सुरू केली. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये आणि इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये तेच केले. नोंदवहीचा उपयोग काय, हे डेप्यू कंपनीच्या 'एएसआर' खुब्याने दाखवून दिले. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रुग्णांच्या रक्तात उतरत होते. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत धोका आधी दिसला आणि २००९ च्या अखेरीस तेथील बाजारातून हा सांधा गेला. पाच वर्षांत सुमारे आठातल्या एका रुग्णाची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे इंग्लंडच्या नोंदवहीतून पुढे आले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीला तो जगभरातून परत घ्यावा लागला.

आणि भारतात? येथे सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा ३,६०० हून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता! त्याच वर्षी ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास भरपाईचे सूत्र ठरले. पण ज्याचा पत्ताच सापडत नाही, त्याच्या दारात भरपाई पोहोचणार कशी? गोसीखुर्दच्या प्रकल्पग्रस्ताला हे वेगळे सांगायला नको. कागदावर नाव नाही, तर मोबदला नाही.

शल्यचिकित्सकांच्या संघटनेने आपल्याकडेही नोंदवही सुरू केली आहे. ते स्वागतार्ह आहे. मात्र ती ऐच्छिक आहे. ज्याचे निकाल चांगले तो नोंद करील, ज्याचे वाईट तो गप्प राहील. अशा वहीतून सत्य कसे बाहेर येणार? सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया होते तेव्हा बिलाचा पै न् पै लिहिला जातो. मग सांध्याचा बॅच क्रमांक लिहायला अडचण कोणती?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंद कायद्याने सक्तीची करा, खासगी इस्पितळांसह. सांध्याच्या डब्यातील स्टिकरची एक प्रत रुग्णाच्या हातात द्या आणि तिचा अर्थ मराठीत समजावून सांगा. शस्त्रक्रियेचे कारण नोंदताना सिकलसेल वेगळा लिहा. रुग्णांची नावे गुप्त ठेवा, पण कोणत्या कंपनीचा सांधा किती टिकला हे दरवर्षी जाहीर करा.

तोवर आपणही एक काम करू. वस्तीत ज्याचा सांधा बदलला असेल, त्याला डिस्चार्ज कार्ड आणि स्टिकर जपून ठेवायला सांगू. शिक्षणाने आपल्याला वाचता-लिहिता केले, ते अशाच कामासाठी. ज्याची नोंद नाही त्याची दखल ही व्यवस्था घेत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?