नोंद हाही उपचारच

डॉक्टरांचा पहिला प्रश्न विडीविषयी नव्हे, नोकरीविषयी होता. आमचे वडील ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते. त्या धुळीतून मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसावरणाचा कर्करोग, तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. पेमेट्रेक्सेड-सिस्प्लॅटिनची केमोथेरपी, किंवा अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळालेली निव्होलुमॅब-इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपी. आयुष्य काहीसे वाढते, रोग सहसा हटत नाही. दुसरीचा खर्च आम्हां प्राध्यापक भावंडांनाही झेपणारा नाही. म्हणून भरपाईचा मार्ग शोधला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच बजावले होते: कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांत जी मुदत लांबची, तोवर जपावी. कारखान्यात वडिलांच्या नावाचा कागदच नाही! औषधांच्या किमतींवर आपण तावातावाने बोलतो. या हरवलेल्या कागदांवर कोणी बोलत नाही. वडील मात्र अजून त्या पत्र्यांचीच तारीफ करतात: गळत नाहीत म्हणे.