मुरगळलेला पाय विसरू नका



तरुणपणी कबड्डीत माझा घोटा मुरगळला. हळद लावून तिसऱ्याच दिवशी मैदानात उतरलो. आज पन्नाशीनंतर त्याच घोट्यात संधिवात आहे. जामसावळीच्या हनुमानाला पायी जाणे सुटले. घोट्याची झीज बहुधा अशा जुन्या दुखापतीतूनच होते.

मग व्यायाम सोडावा का? मुळीच नाही. बसून राहिल्याने सांधा अधिकच आखडतो. उड्या व कडक जमिनीवरचे धावणे टाळावे. सायकल चालवावी, खुर्चीत बसून पाऊल वर-खाली हलवावे. व्यायामानंतर दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, तर पुढच्या वेळी तो कमी करावा. सूज आल्यास डॉक्टरांना दाखवावे.

लंगडणाऱ्या मुलाला पी.टी.त उभे करणे ही शिस्त नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षकांनी व विश्वस्तांनीही हे ध्यानात घ्यावे.

— प्राचार्य