खुंटाबरोबर बागेत काय काय येतं?

ऑगस्ट संपता संपता निफाड, दिंडोरी, तासगावकडे कलम बांधणाऱ्या टोळ्यांची वर्दळ सुरू होते. उन्हाळ्याआधी लावलेली खुंटरोपं तोवर जाडीला आलेली असतात. कारागीर खुंट छाटतो, मध्ये चीर देतो, थॉमसन किंवा सोनाकाच्या काडीला पाचरीचा आकार देऊन ती चिरेत बसवतो आणि वरून पट्टी आवळतो. पुढचे काही आठवडे शेतकऱ्याचा जीव एकाच हिशेबात अडकलेला असतो: किती डोळे फुटले, किती कलमं मेली.

त्या चिरेत दोन वेली जुळतात आणि त्यांच्यासोबत दोन वस्त्याही. खुंटाच्या मुळांभोवतीचे जिवाणू, मुळांत शिरलेल्या बुरशा, काडीच्या लाकडात आधीपासून मुक्कामाला असलेले सूक्ष्मजीव हे सगळे एकाच झाडात नांदायला येतात. यातले बरेचसे निरुपद्रवी, काही फार कामाचे आणि काही दबा धरून बसलेले. द्राक्षाच्या लागवड खर्चात शेतकरी तारा, अँगल, ड्रीपचा हिशेब पैशापर्यंत मांडतो, पण काडीतून आलेल्या या बिऱ्हाडाची चौकशी कोणी करत नाही. ती करायला हवी, आणि बाग उभी राहण्याआधीच करायला हवी.

काडीबरोबर काय येतं, हे युरोपने फार मोठी किंमत मोजून शिकलं आहे. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळांचा रस शोषणाऱ्या किडीने फ्रान्समधले मळे वाळू लागले. 1868 साली माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल्स एमिल प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाळत्या वेलींच्या मुळांवर पकडली. तोडगाही अमेरिकेतूनच आला. तिथल्या रानवेलींची मुळं ही कीड सहन करतात, म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षांची कलमं बांधायची. टेक्सासचे द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांनी या कामात इतकी मदत केली की 1888 साली फ्रेंच सरकारने त्यांना सन्मानित केलं. पण अमेरिकी वेलींच्या या आयातीत एक न बोलावलेला पाहुणाही आला. 1878 च्या सुमारास फ्रान्समध्ये डाऊनी मिल्ड्यू हा रोग दिसू लागला. त्यावर 1885 साली वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण पुढे आणलं. तेव्हापासून आजतागायत द्राक्षमळ्यांवर या मिश्रणातलं तांबं पडतं आहे. ते जमिनीतून कुठे जात नाही, वरच्या थरात साचतं आणि तिथल्या जिवाणूंना आणि गांडुळांना जाचतं. युरोपीय संघाला अखेर मर्यादा घालावी लागली: सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, त्याहून जास्त नाही. एका किडीवरचा उपाय, त्यातून आलेला रोग, त्या रोगाचं औषध आणि त्या औषधाने बिघडलेली माती अशी ही दीडशे वर्षांची साखळी आहे.

महाराष्ट्रात कलम आलं ते फायलोक्सेरामुळे नव्हे. पाणी कमी आणि खारट होत गेलं, जमिनीत चुनखडी आणि क्षार वाढले, स्वतःच्या मुळांवरच्या बागा दम तोडू लागल्या. मग गेल्या तीनेक दशकांत डॉगरिज आणि त्यामागून 110 आर हे खुंट घरोघरी पोहोचले. डॉगरिजही मूळचा टेक्सासचाच. खुंट निवडताना पाणी किती, क्षार किती, वाढ किती हे तीन प्रश्न विचारले जातात. त्या मुळांना आपल्या काळ्या मातीत सोबत कोणाची मिळते, हा चौथा प्रश्न मात्र कोणाच्या यादीत नाही.

प्रश्न पोकळ नाही. उत्तर इटलीत बार्बेरा ही एकच जात वेगवेगळ्या खुंटांवर बांधून तिची मुळं तपासली गेली. खुंट बदलला की मुळांवरच्या जिवाणूंची वस्ती बदलते, असं 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं. गंमत अशी की वस्ती बदलली तरी तिची काम करण्याची क्षमता साधारण सारखीच राहिली. म्हणजे अमुक खुंट लावा आणि चांगले जिवाणू फुकट मिळवा, अशी जाहिरात उद्या कोणी केली तर ती दुरूनच नमस्कार करण्याच्या लायकीची. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर मर्लोच्या बागांत झालेला दुसरा एक अभ्यास सांगतो की पान, फूल आणि घडावर सापडणारे बरेच जिवाणू मातीतही असतात. म्हणजे वरचं बरंचसं खालूनच येत असावं.

आणि खालची माती आपण कशी ठेवतो? द्राक्षाच्या मुळांना केसमुळं बेताची, त्यामुळे स्फुरद शोषायला ही वेल मायकोरायझा बुरशीवर बरीच अवलंबून असते. बुरशीचे धागे मुळापासून लांबवर पसरून स्फुरद आणतात आणि बदल्यात वेलीकडून साखर घेतात. मात्र मातीत स्फुरद मुबलक झालं की वेल या भागीदारीत हात आखडता घेते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद बांधलं जातं, म्हणून शेतकरी आणखी टाकतो. ज्या ड्रीपमधून या आठवड्यात फॉस्फोरिक ॲसिड सोडलं, त्याच ड्रीपमधून पुढच्या आठवड्यात मायकोरायझाची पुडी, त्यानंतर बुरशीनाशकाची आळवणी आणि मग पुन्हा ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी. दुकानदाराच्या दृष्टीने हे वेळापत्रक उत्तम आहे.

पुणे-मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात ट्रायकोडर्मा आणि बॅसिलसवर चांगलं काम झालं आहे, तेव्हा बाटलीतले सूक्ष्मजीव सरसकट खोटे असं कोणी म्हणू नये. पण बाहेरून आणलेला सूक्ष्मजीव आधीच भरलेल्या वस्तीत जागा शोधत असतो. शेणखत, आच्छादन आणि हात आवरून दिलेलं स्फुरद ही त्याची राहण्याची सोय. ती नसेल तर बाटली वाया.

खरी चिंता आहे ती लाकडात लपून येणाऱ्यांची. वेलीवर गाठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम वायटिस हा जिवाणू बाहेर काहीही न दाखवता वर्षानुवर्षं वेलीत राहू शकतो आणि जखम मिळाली की उठतो. खोड आतून सडवणाऱ्या फेओमोनिएला बुरशीचा माग काढताना इतर देशांतल्या संशोधकांना ती रोपवाटिकेतल्या काड्या भिजवण्याच्या टाक्यांत, कात्र्यांवर आणि कलमाच्या यंत्रांवर सापडली. म्हणून तिथल्या अनेक रोपवाटिका काड्यांना 50 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवतात. आपल्याकडे सायन, म्हणजे खुंटावर बांधायची काडी, बहुधा ओळखीच्या बागेतून येते. त्या बागेची परीक्षा म्हणजे गेल्या हंगामात माल कसा होता एवढीच. काड्या बुरशीनाशकाच्या बादलीत बुडवल्या की शुद्ध झाल्या असं धरून चालतात. ते औषध पृष्ठभागावरच्या बुरशीचं. लाकडाच्या गाभ्यातल्या जिवाणूवर आणि विषाणूवर त्याचा उपयोग होत नाही.

यावर करण्यासारखं बरंच आहे आणि ते फार महागही नाही. खुंट आणि सायन दोन्हींसाठी तपासलेल्या मातृबागा हव्यात, आणि रोप विकताना ते कोणत्या मातृबागेतलं, शेवटची तपासणी कधीची, याची चिठ्ठी सोबत हवी. डॉगरिज आणि 110 आर यांच्या मुळांवर नाशिकच्या, सांगलीच्या, सोलापूरच्या मातीत कोण राहतं, याची नोंद सरकारी खर्चाने व्हावी. इटलीचे आकडे इथे उसने चालणार नाहीत, कारण तिथली वेल हिवाळाभर झोपते आणि आपली वर्षातून दोनदा छाटणी झेलते. त्या प्रत्येक छाटणीत शेकडो नव्या जखमा उघड्या पडतात.

राहिली कलम बांधणाऱ्याची सुरी. टोळी आज या बागेत, उद्या शेजारच्या गावात, आणि हत्यार तेच. मजुरी कलमामागे मिळते, त्यामुळे दर थोड्या वेलींनंतर थांबून पातं स्पिरिटने पुसणाऱ्या कारागिराचीच कमाई घटते. बागायतदारांनी टोळीशी दर ठरवताना हा वेळ वेगळा धरावा, स्पिरिट आपल्या पदरचं द्यावं आणि एक जादा सुरीही, म्हणजे एक पुसलेली वाळेपर्यंत दुसरी चालू राहील.